टाकानिहाय रजा

आमच्या कार्यालयातले वरिष्ठ लिपिक श्री. रंगनाथ गांगुर्डे यांच्या यकृतात गेल्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आठ बाय सात सेंटिमीटर आकाराचे गळू झाले. त्यासाठी त्यांनी कार्यालयाची पूर्वपरवानगी घेतलेली नव्हती. पुढे जे घडले त्याचे मूळ इथे आहे, असे कार्यालयाचे मत आहे. आणि मी त्याच कार्यालयात आवक-जावक सांभाळत असल्यामुळे माझेही तेच मत आहे.

आमचे कार्यालय म्हणजे विभागीय नमुने व नोंदवह्या कार्यालय. द्वारकेच्या चौकातून आत वळले की टायरच्या दुकानावर दुसरा मजला. इतर कार्यालयांना लागणारे कोरे अर्ज, कोरी रजिस्टरे आणि कोऱ्या पोचपावत्या आम्ही पुरवतो. रंगनाथभाऊ सत्तावीस वर्षे तपासणीच्या टेबलावर आहेत. आलेल्या मागणीपत्रात त्रुटी काढून ते परत पाठवणे हे त्यांचे काम. माणूस अत्यंत सरळ. सख्ख्या मेहुण्याचे मागणीपत्र त्यांनी चार वेळा परत पाठवले होते आणि पाचव्यांदा मेहुण्याने नोकरी बदलली.

त्या आठवड्यात ते स्वेटर घालून कामावर येत होते. थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे. आम्ही म्हटले, हवा बदलली आहे. पण गुरुवारी त्यांनी एक मागणीपत्र एकही त्रुटी न काढता पुढे सरकवले, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे सगळ्यांच्या लक्षात आले. आस्थापना शाखेतल्या मनोजने त्यांच्या पत्नीला, मालनवहिनींना, फोन केला आणि दोघांनी मिळून त्यांना गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात नेले.

तिथल्या डॉक्टर योगिनी मॅडम तिशी-पस्तिशीच्या. त्यांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर एक काळा गोळा दाखवला.

"काका, यकृतात पू झालाय. आत फुटलं तर जिवावर बेतेल. आजच काढायला हवा."

"पोट फाडणार?" मालनवहिनींनी विचारले.

"नाही हो काकू. पडद्यावर बघत बघत बरगड्यांमधून एक सुई घालायची. सुईतून तार, तारेवरून बारीक नळी. पू आपोआप बाहेरच्या पिशवीत येत राहतो. जागा बधिर करते, तुम्ही बोलत राहा माझ्याशी. कापायचं नाही, टाके नाहीत."

बावीस मिनिटे लागली. पाव लिटर चॉकलेटी पू निघाला. संध्याकाळी ताप उतरला आणि रंगनाथभाऊंनी चार दिवसांत प्रथमच मऊ भात मागून घेतला. मालनवहिनी बाहेरच्या बाकावर बसून तोंडाला पदर लावून रडल्या. आपला माणूस आज जाणार होता आणि गेला नाही, हे त्यांना नीट कळले होते. असे कळलेले त्या सबंध प्रकरणात त्या आणि डॉक्टर, दोघीच.

घरी सोडताना मॅडमनी बजावले, "नळी अजून दोन आठवडे राहील. ती तुंबू शकते, सरकू शकते. म्हणून पडून राहायचं. रिक्षा नको, जिना नको. एकूण तीन आठवडे विश्रांती."

घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. पेठकडच्या गावाहून आई, बायडाबाई, सकाळच्या एसटीने आल्या.

"कुठं कापलं रं रंगा?"

रंगनाथभाऊंनी सदरा वर केला. बिस्किटाएवढी चिकटपट्टी, तिच्यातून निघालेली बोरूएवढी नळी.

"हे तं सलाइन हाय."

"सलाइन नाही आई. आतलं सगळं यातनंच काढलं."

"कापल्याबिगर?" बायडाबाईंनी सुनेकडे पाहिले. सून काही लपवते आहे असे त्यांना वाटले असावे. "आपल्या सहादूचं अपेंडिक होतं, तं त्याला हितून थितपर्यंत उसवला व्हता. लय जनं बगाया गेली. अन् तू तं बसून चहा पितो!"

इतर पाहुण्यांचीही निराशा झाली. आम्ही कार्यालयातले सहा जण एक डझन मोसंबी घेऊन गेलो होतो. पट्टी पाहिल्यावर आमच्यापैकी एकाने नकळत पिशवी पुन्हा मांडीवर घेतली. एका शेजाऱ्याने आजाऱ्यासाठी आणलेले शहाळे बोलता बोलता स्वतःच पिऊन टाकले. कुणाचे काही चुकले असे मला वाटत नाही. बघण्यासारखे काही नव्हते, हे खरेच होते.

चौथ्या दिवशी मनोजने रजेचा अर्ज भरायला घेतला. आमच्याकडे शस्त्रक्रियेनंतरची रजा टाकानिहाय मिळते. पूर्वी कधीतरी एका कर्मचाऱ्याने दाढ काढण्यासाठी दीड महिना रजा घेतली, तेव्हाच्या साहेबांनी परिपत्रक काढले की, 'टाक्यांच्या संख्येस दीडने गुणून येतील तितके दिवस रजा अनुज्ञेय राहील.' नियम इतका सोपा की त्यावर आजवर कोणी शंका काढली नाही. हर्निया, अपेंडिक्स, सिझेरियन, सगळे त्यात व्यवस्थित बसत आले. पुढे संगणक आला, पोर्टल आले. पोर्टलमध्ये दीडने गुणण्याची सोय झाली. प्रगती ती एवढीच.

मनोजने फोन केला. मी शेजारीच होतो.

"भाऊ, नऊ नंबरच्या रकान्यात काय टाकू? टाक्यांची संख्या."

"शून्य."

"शून्य घेत नाही. 'कृपया वैध संख्या भरा' म्हणतंय."

"मग रिकामा सोड."

"रिकामा सोडला तर म्हणतं शस्त्रक्रिया झालीच नाही. मग रजा कशाची विचारतं. भाऊ, तुम्हीच सांगा. तुमच्या टेबलावर असा अर्ज आला असता तर?"



"परत पाठवला असता," रंगनाथभाऊ म्हणाले.

अर्ज परत गेला. त्यापाठोपाठ ज्ञापन निघाले: आपण अनधिकृतपणे गैरहजर असून आपल्या सेवेत खंड का धरण्यात येऊ नये, याचा खुलासा समक्ष उपस्थित राहून करावा. सेवेत खंड म्हणजे सत्तावीस वर्षांवर पाणी. निवृत्तीला सहा वर्षे उरलेल्या माणसाने पहिल्यापासून मोजायला सुरुवात करायची. ज्ञापन मीच जावक केले. शिक्का जरा तिरका उमटला, याचे मला वाईट वाटले.

खुलाशाच्या दिवशी रंगनाथभाऊ रिक्षाने आले. मालनवहिनी बरोबर होत्या. नळीची पिशवी साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत ठेवून ती रंगनाथभाऊंनी खांद्याला अडकवली होती. दोन मजले चढायला पाऊण तास लागला. कार्यालय प्रमुख गोरक्ष निकम साहेब स्वभावाने मऊ. त्यांनी आजवर कुणाचे वाईट केले ते कधीच आवाज चढवून केले नाही.

"या रंगनाथराव. बसा. बसता येतंय ना?"

"हो साहेब."

"मनोज, लिहून घ्या. बसता येते."

मनोजने लिहून घेतले.

"आता खूण दाखवा."

रंगनाथभाऊंनी सदरा वर केला. साहेब चष्मा लावून वाकले.

"ही तर नळी आहे. खूण म्हणजे नळी काढल्यावर जे उरतं ते. काय उरेल?"

"डॉक्टर म्हणाल्या, तिळाएवढा डाग."

"तीळ जन्मतःही असतो, रंगनाथराव."

मालनवहिनी दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. "साहेब, त्यांचा जीव जात होता. पाव लिटर पू निघाला. आम्ही पिशवीत बघितलाय. डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलंय की."

"सर्टिफिकेट मी वाचलं, वहिनी. सही रेडिओलॉजी विभागाच्या डॉक्टरांची आहे. रेडिओलॉजी म्हणजे फोटो काढणे." साहेबांनी मान हलवली, त्यांना खरोखर वाईट वाटत होते. "फोटो काढून घ्यायला तीन आठवडे रजा मी कोणत्या तोंडाने देऊ?"

डिस्चार्ज कार्ड मात्र त्यांनी ठेवून घेतले. ते इंग्रजीत होते आणि आमचा कारभार मराठीत चालतो, म्हणून ते भाषांतराला गेले. कार्डावर त्या वळलेल्या टोकाच्या नळीचे नाव लिहिले होते: पिगटेल. भाषांतरकार कोशाला धरून चालणारे गृहस्थ होते. चार दिवसांनी जे मराठी आले त्यात लिहिले होते: 'रुग्णाच्या यकृतात वराहपुच्छ बसविण्यात आले असून ते समाधानकारकरीत्या कार्य करीत आहे.'

साहेबांनी ते दोनदा वाचले. डुकराचे शेपूट हा विषय आपल्या अधिकारकक्षेत येत नाही, अशी टिपणी त्यांनी केली आणि प्रकरण एका पशुवैद्यकीय कार्यालयाकडे अभिप्रायार्थ पाठवले. उत्तर सहा दिवसांत आले. इतक्या तातडीचे उत्तर माझ्या नोकरीत मी प्रथमच आवक केले. 'सदर प्राण्याची जात, लसीकरणाचा दिनांक व कानातील बिल्ल्याचा क्रमांक कळवावा. प्राणी मनुष्याच्या पोटात असल्यास मालकी कोणाची, याबाबत या कार्यालयाकडे मार्गदर्शक सूचना उपलब्ध नाहीत.'

पण तोवर बरेच काही झाले होते. खुलासा देऊन घरी परतताना रिक्षा द्वारकेच्या गर्दीत अडकली, एका खड्ड्यात आदळली, आणि कापडी पिशवी सीटखालच्या कुठल्याशा खिळ्यात अडकून नळीला हिसका बसला. ती दोन बोटे बाहेर आली. रंगनाथभाऊ काही बोलले नाहीत. रिक्षावाल्याला त्रास नको, असे त्यांना वाटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हुडहुडी भरली.

योगिनी मॅडम संतापल्या. "मी रिक्षा नको म्हटलं होतं ना काका? नळी सरकणं ही या प्रकारातली माहितीतली गुंतागुंत आहे. म्हणून तर झोपून राहायचं. कशाला गेला होतात?"

"आजारी आहे हे सांगायला," रंगनाथभाऊ म्हणाले.

मॅडमनी दुसरी नळी घातली आणि ती पुन्हा हलू नये म्हणून या वेळी कातडीला एका टाक्याने बांधून टाकली.

ही बातमी मनोजला कळली तेव्हा तो खुर्चीतून उठलाच. मनोज वाईट माणूस नाही. रंगनाथभाऊंनी त्याला कामाला लावले, शिकवले. त्याने लगेच फोन लावला. "वहिनी, खरंच टाका पडला? किती?"

"एक."

"एक का होईना! सुरुवात तर झाली!"

पोर्टलने एक हा आकडा बिनतक्रार घेतला. एक गुणिले दीड, दीड दिवस. साहेबांनी मात्र फाइल बारकाईने वाचली आणि समासात लिहिले: 'टाका कर्मचाऱ्याच्या जखमेस नसून नळीस आहे. सबब टाक्याचा लाभ नळीस देय ठरतो.' त्यानुसार आदेश निघाला. वराहपुच्छास दीड दिवसाची वैद्यकीय रजा मंजूर, श्री. गांगुर्डे यांनी सदर कालावधीत कर्तव्यावर हजर राहावे. आदेश मी रजिस्टर पोस्टाने पाठवला. पत्ता लिहिताना क्षणभर अडलो, मग लिहिले: वराहपुच्छ, द्वारा रंगनाथ गांगुर्डे, उजवी बाजू. पोस्टमनने सही मागितली तेव्हा मालनवहिनींनी ती वराहपुच्छाच्या वतीने केली. त्या वेळी त्या हसल्या, असे पोस्टमन सांगतो. मला ते खरे वाटत नाही.

रंगनाथभाऊंनी मग गुंतागुंतीच्या रजेचा वेगळा अर्ज दिला, तशी तरतूद आहे. त्यावर मनोजला नाइलाजाने लिहावे लागले: 'गुंतागुंत ही शस्त्रक्रियेची असते. मूळ शस्त्रक्रिया झालेली नसल्याने गुंतागुंत झाली असे म्हणता येत नाही. ताप आला असावा.'

ऑगस्ट संपायच्या आत रंगनाथभाऊ बरे झाले. शेवटच्या सोनोग्राफीत काळा गोळा गेला होता, त्याच्या जागी एक पुसट रेघ होती. योगिनी मॅडमनी टाका कापला, एका मिनिटात नळी ओढून काढली आणि वर एक छोटी पट्टी लावली. "काका, तुम्ही बरे झालात. उद्यापासून कामाला जा, एक महिना तिखट कमी खा." बाहेर पडल्यावर नवराबायको गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात शिरले. शेजारच्या टेबलावर मिसळीचा कट वाफाळत होता. रंगनाथभाऊंनी त्याच्याकडे एकदा पाहिले आणि दोन इडल्या मागवल्या. मालनवहिनींनी सांबार चाखून बघून मगच त्यांच्यापुढे सरकवले. पुढे त्या मला म्हणाल्या, की ती संध्याकाळ लग्नानंतरची सगळ्यात चांगली संध्याकाळ होती.

दुसऱ्या दिवशी रंगनाथभाऊ कामावर आले. तब्येत ठणठणीत. आणि हीच अडचण होती. सेवेतल्या खंडाबाबतची अंतिम सुनावणी दोन आठवड्यांवर आली होती, आणि हजर होणारा माणूस आजारी पडला होता याचा आता तिळाएवढाच पुरावा शिल्लक होता. तोही दिवसेंदिवस पुसट होत चालला होता. ते दुपारी आरशासमोर सदरा वर करून बघत. एकदा मी पाहिले, त्यांनी बॉलपेनने ती जागा घेरून ठेवली होती, सापडावी म्हणून.

मनोजनेच तोड सुचवली. सहज, चहा पिताना. "भाऊ, कुठं तरी चौदा टाके घालून घ्या ना. एकवीस दिवस गैरहजर होतात. चौदा दीडे एकवीस. प्रकरण मिटलं."

आम्ही हसलो. रंगनाथभाऊ हसले नाहीत. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि चौदा दीडे मनात पुन्हा करून पाहिले.

घरी मोठे भांडण झाले. मालनवहिनींनी त्या रात्री स्वयंपाक केला नाही.

"अहो, बरे झालात ना? मग धडधाकट पोट कापून घ्यायचं?"

"मालन, नियम चुकीचा नाही. माझं पोट नियमात बसत नाही."

"मग नियम कापा की!"

"तो आपल्या अधिकारात नाही. पोट आहे."

योगिनी मॅडमकडे जाऊन त्या रडल्या. मॅडमनी रंगनाथभाऊंना बोलावून समजावले. "काका, मी ते न उघडता बरं केलं. आता उघडायचं कशासाठी?"

"रजेसाठी."

"मी तुमच्या साहेबांशी बोलते."

"नको मॅडम. ते म्हणतील, फोटोग्राफरला काय कळतं."

मग मनोजच्या ओळखीने ते द्वारकेकडच्या एका सर्जनकडे गेले. डॉक्टर अमित. मोकळाढाकळा, व्यवहारी माणूस. मी आणि मनोज बरोबर होतो.

"कुठे दुखतं?"

"कुठेही नाही," रंगनाथभाऊ म्हणाले. खोटे बोलणे त्यांच्या स्वभावात नाही.

"उत्तम. मग मला नक्की काय करायचंय?"

मनोजने परिपत्रक पुढे ठेवले. डॉक्टरांनी ते लक्षपूर्वक वाचले, जसे एक्स-रे वाचतात तसे.

"म्हणजे चौदा."

"चौदा."

"पण या ऑपरेशननंतरही तुम्हाला विश्रांती लागेल. तीन आठवडे तरी. ती रजा कुठून घेणार?"

हा मुद्दा आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. मनोजने परिपत्रक उलटून पाहिले. मागे बारीक अक्षरात होते: 'एकच टाका दोन रजांकरिता ग्राह्य धरता येणार नाही.'

"मग अठ्ठावीस," डॉक्टर म्हणाले. त्यांनी रंगनाथभाऊंना टेबलावर आडवे केले आणि बरगड्यांपासून खाली वितीने मापले. "बसतील. अंगाने बारीक आहात, पण बसतील."

"कागदावर कारण काय लिहाल?" मी विचारले. आवक-जावकवाल्याला अशा गोष्टी सुचतात.

"संशय."

"कशाचा?"

"ते आत पाहिल्याशिवाय कसं सांगणार?"

सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी शस्त्रक्रिया झाली. पावणेदोन तास लागले. पोट उघडले, यकृत पाहिले, पोट बंद केले. बाहेर येऊन डॉक्टर अमित मालनवहिनींना म्हणाले, "अभिनंदन. अतिशय स्वच्छ यकृत आहे. इतकं सुंदर बरं झालेलं गळू मी पाहिलं नव्हतं. ज्यांनी केलं त्यांना माझा नमस्कार सांगा."

सुनावणी दवाखान्यातच झाली. निकम साहेब स्वतः आले, सोबत मनोज, मी आणि शिक्का. नर्सने पट्टी उघडली. साहेब चष्मा लावून वाकले आणि पेनाच्या टोकाने हवेतल्या हवेत मोजत गेले. अठ्ठावीस भरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

"रंगनाथराव, इतके आजारी होतात! बोलला नाहीत कधी."

एकच तांत्रिक अडचण निघाली. टाके सप्टेंबरचे होते आणि गैरहजेरी ऑगस्टची. पण आता साहेबांची इच्छा होती. त्यांनी तिथेच, खाटेच्या कडेला कागद टेकवून, पहिल्या चौदा टाक्यांना कार्योत्तर मान्यता दिली. मी शिक्का मारला. या वेळी तो अगदी सरळ उमटला. सेवेतला खंड टळला.

पाचव्या दिवशी जखमेत पू झाला. सहाव्या दिवशी खोकताना नऊ टाके उसवले. पोर्टलने नऊ टाके वजा करून साडेतेरा दिवस रजा परत मागितली. मग डॉक्टरांनी ते पुन्हा घातले, तेव्हा पोर्टलने ते नवीन म्हणून मोजले आणि वर गुंतागुंतीची रजाही आपोआप दिली, कारण आता गुंतागुंतीला मूळ शस्त्रक्रिया होती. मनोज आनंदाने मला म्हणाला, "बघा, सिस्टिम वाईट नाही. तिला फक्त नीट माहिती द्यावी लागते."

ऑक्टोबरात रंगनाथभाऊ घरी आले. चालताना भिंत धरतात. उजव्या हाताने पोट दाबून धरल्याशिवाय त्यांना हसता येत नाही, त्यामुळे ते हसत नाहीत. अंगावरचे दहा किलो गेले आहेत. बायडाबाई पुन्हा आल्या, मुलाचे पोट पाहिले, कपाळाला हात लावला आणि अख्ख्या गावाला फोन केला. गावाहून एका रविवारी दोन जीपा भरून माणसे आली. शेजारी आले. जे पहिल्या खेपेला शहाळे प्यायले होते त्यांनी या वेळी सहा आणली. सगळ्यांना बसायला पुरेना म्हणून खालच्या मजल्यावरून खुर्च्या मागवल्या.

आम्हीही गेलो, पेटीभर सफरचंद घेऊन. रंगनाथभाऊ उशीला टेकून बसले होते, चेहरा कागदासारखा. साहेब त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "आता घाई करू नका. पूर्ण बरे होऊन या."

मालनवहिनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "ते ऑगस्टमध्येच बरे झालेत साहेब. हे जे दिसतंय ते आजाराचं नाही, रजेचं आहे."

मला वाटते, आम्हाला लाजच वाटली. साहेब खिडकीबाहेर बघू लागले. मनोजने कप उगाच बशीवर फिरवला. मग मागच्या खुर्चीवरून कुणीतरी हलकेच म्हणाले, "पण रंगनाथभाऊ, एकदा दाखवा तर खरं." आणि आम्ही सगळे पुढे सरकलो.

ते कोण म्हणाले याची मी चौकशी केली नाही, तुम्हीही करू नका. रंगनाथ गांगुर्डे यांचे गळू या गोष्टीच्या मध्यावरच बरे झाले होते, दोघांनी इडली खाल्ली होती आणि सगळे ठीक होते. तिथे वाचायचे थांबता आले असते. तुम्हीही थांबला नाहीत.